सतरावं दार

“आण इकडे.”

भूगोलाच्या बाईंचा हात बाकावर आला आणि भिंगरीच्या काळजात धस्स झालं. तिच्या मांडीवर मामानं दिलेला जुना व्हिडिओ गेम होता, दोन्ही हातांत मावेल एवढा. खेळत नव्हती हो ती! चार्जिंग संपत आल्याची पीं-पीं सुरू झाली, म्हणून दप्तरातून काढून नुसता बघत होती. पण बाईंना कोण सांगणार?

त्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. बंद केला की पुन्हा पहिल्या दारापासून श्रीगणेशा. दारं एकूण सतरा. अख्ख्या शाळेत बाराव्याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. आणि आज सकाळी, तोंडात ब्रश तसाच ठेवून, भिंगरीनं सतरावं दार उघडलं होतं! एकच जीव उरला होता तिच्याकडे. नेमकी तेव्हाच आईनं शाळेची घाई लावली. गेम घरी ठेवावा, तर आई आधी बटण बंद करणार. वीज काय फुकट येते, म्हणणार. मग हिनं खेळ थांबवला आणि गेम तसाच चालू ठेवून दप्तरात टाकला.

“बाई, घ्या तुम्ही, पण बंद नका ना करू!” भिंगरी उभी राहून ओरडली. “सतरावं दार उघडलंय! आत काय आहे ते अजून कुणीच बघितलेलं नाही!”

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. बाई कधीच हसत नसत. त्यांच्या तासाला नकाशातल्या नद्यासुद्धा खाली मान घालून वाहतात, असं पोरं म्हणायची.

“चार्जर आहे का? तोही दे,” बाई म्हणाल्या. “सत्राच्या शेवटच्या दिवशी मिळेल.”

हा त्यांचा नियम होता. जप्त केलेली वस्तू शेवटच्या दिवसाआधी त्यांनी आजवर कुणालाही परत दिली नव्हती. आणि शेवटचा दिवस एकोणीस दिवसांवर होता.

“विसर आता,” शेजारची मैत्रीण म्हणाली. “त्याची बॅटरी मधल्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकायची नाही.”

भिंगरी तीन दिवस धड जेवली नाही. चौथ्या दिवशी जेवली, पण मुसमुसत. बाईंच्या तासाला ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसायची. त्याच सुमारास शिक्षकांच्या खोलीतही काहीतरी बिनसलं होतं म्हणे. गणिताचे सर हल्ली चहाला फाटकाबाहेर जायचे आणि धुसफुसत परत यायचे. पण भिंगरीला त्याचं काय! तिचं तर सगळं राज्यच बुडालं होतं.

शेवटच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीबाहेर रांग लागली. एकाला शिट्टी मिळाली, एकीला नेलपॉलिश, एकाला गोट्यांची पिशवी, तीही कान पिळून. भिंगरीची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, “तू आत ये.”

झालं! आता घरी चिठ्ठी जाणार. भिंगरी पाय ओढत आत गेली.

खिडकीजवळ टेबल होतं. चहाची विजेची किटली टेबलाखाली धूळ खात पडली होती. त्या खोलीत धड चालणारा प्लग एकच, आणि त्याच्यावर कागद चिकटवलेला होता. ‘या बटणाला कोणीही हात लावू नये. – भूगोल.’ प्लगमधून एक वायर निघाली होती. ओळखीची. भिंगरीची नजर वायरीवरून सरकत सरकत टोकाला गेली, आणि तिथे हिरवा दिवा!

पडदा उजळलेला होता. सतराव्या दारात गेममधला तिचा इवलासा छत्रीवाला गडी एक पाय उचलून तसाच उभा होता. कोपऱ्यात एकच जीव. सगळं जिथल्या तिथं.

भिंगरीला काय करू नि काय नको असं झालं. नाचावं, रडावं, की बाईंना मिठीच मारावी? “बाई! चालू आहे! बाई, अहो, हा चालू आहे!”

“ओरडू नकोस. मला दिसतंय,” बाई म्हणाल्या.

भिंगरीनं घाईघाईनं वायरीला हात घातला. बाईंनी तिचं मनगट धरलं.

“निघालीस कुठे?”

“घरी, बाई.”

“घरी?” कोपऱ्यातून गणिताचे सर ताडकन उठले. “एकोणीस दिवस आमचा चहा बंद आहे तुझ्या या दारापायी! आत काय आहे ते बघितल्याशिवाय इथून कुणी हलायचं नाही!”

खुर्च्या सरकल्या. हेडबाईसुद्धा चष्मा पुसत येऊन बसल्या. भिंगरीनं गेम हातात घेतला. जीव एकच. चुकली की संपलं. तिनं ओठ दाताखाली धरला आणि अंगठा ‘पुढे’च्या बटणावर ठेवला.

“थांब, सरळ घुसू नकोस!” बाई तिच्या खांद्यावरून पडद्यावर वाकल्या. त्यांचा आवाज चक्क थरथरत होता. “डावीकडच्या खडकामागे कुणाचं तरी शिंग दिसतंय बघ. दबा धरून बसलाय मेला. एकोणीस दिवस नजर ठेवून आहे मी त्याच्यावर!”