डॉक्टरच्या निधनाबाबत

रविवारी संध्याकाळी वाचक मंडळाने मुकेश साहूला एकमताने काढून टाकलं. इतिवृत्तात मात्र असं काही घडल्याची नोंद नाही. तेव्हा आपणही ते घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

संशय आधी शिल्पाला आला. ती मंडळाची सचिव. झाशीत मराठी वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली चार मंडळात होती आणि पाचवा मुकेश, जो मराठी नव्हता. मानिक चौकात त्याचं स्टेशनरीचं दुकान. बायको मनस्वी मराठी, सासू यमुनाबाई त्याहून मराठी. जेवताना सासू आपल्याबद्दल काय बोलते ते कळावं, म्हणून तो मंडळात आला होता.

मंडळाची पद्धत साधी. महिन्याला एक कादंबरी, एकच प्रत, हातोहात फिरवायची. पुस्तकाला खाकी कव्हर हवंच, हा अध्यक्ष आबासाहेबांचा नियम. पुस्तक तसंच उघडं फिरवणं त्यांना बनियनवर बाजारात जाण्यासारखं वाटे.

ह्या वेळची कादंबरी पुण्याहून आली. मुखपृष्ठावर खुंटीला टांगलेला स्टेथोस्कोप. सगळ्यांनी तो कौतुकाने पाहिला. मग शिल्पाने कादंबरी आणि इतिवृत्ताची नवी वही, तीही तितकीच जाड, कारण आबासाहेब बोलतात फार, दोन्ही मुकेशच्या दुकानात कव्हरला टाकल्या. परत आल्यावर नावाच्या चिठ्ठ्या तिने स्वतः, वळणदार अक्षरात लिहून चिकटवल्या.

पुस्तक शिल्पाने आठवडाभर ठेवलं. रेल्वेतून निवृत्त झालेले टी.सी. रामकृष्णकाका, यमुनाबाई, आबासाहेब, सगळ्यांनी आठवडा आठवडा ठेवलं. मुकेशने दुसऱ्याच दिवशी परत आणून दिलं.

"दीदी, पक्का यही है ना?"

"का? आवडलं नाही?"

"नहीं नहीं. म्हणजे... मी काय बोलणार."

खाकी कागदावर एक सुरकुती नव्हती. तेलाचा डाग नव्हता. शिल्पाने वास घेऊन पाहिला. मग मनस्वीला फोन लावला.

"मुकेशजींनी पुस्तक वाचलं का गं?"

"उघडलं होतं. थोडं मागेपुढे चाळलं, डोकं खाजवलं, ठेवून दिलं."

एवढं पुरे होतं. शिल्पाने मुकेशला वगळून नवा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'चर्चा (खरी)'. हा माणूस वाचत नाही, नुसता साबुदाण्याच्या खिचडीला येतो, असं तिने लिहिलं. रामकृष्णकाकांनी उत्तर दिलं, 'विनातिकीट माणूस मला चालण्यावरून कळतो.' यमुनाबाईंनी नुसते जोडलेले हात पाठवले.

रविवारी सगळे लक्ष्मी तालाजवळ आबासाहेबांच्या घरी जमले. पुस्तक मधोमध टीपॉयवर. खिचडी मुद्दाम उशिरा आणायची ठरली होती.

"डॉक्टर जातो ते प्रकरण," चष्मा पुसत रामकृष्णकाका म्हणाले, "मला एका बैठकीत पुरं करवलं नाही."

"सातवं ना?" शिल्पा म्हणाली.

काका जरा थांबले. "सातवंच."

"मला बाई आधीपासून धाकधूक होती," यमुनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "इतका भला माणूस राहतो होय?"

"मृत्यू संयत आहे," आबासाहेब म्हणाले. "लेखिकेने कुठे आरडाओरडा केलेला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुकेश एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

"कौन डॉक्टर?" त्याने विचारलं.

शिल्पाने रामकृष्णकाकांकडे पाहिलं. काकांनी शिल्पाकडे.

"जावईबापू," यमुनाबाई म्हणाल्या, "अहो, तो स्टेथोस्कोपवाला."

"आईजी, मला त्यात डॉक्टर नाही मिळाला. कुछ भी नहीं मिला."

"वाचनाला बैठक लागते," आबासाहेब समजुतीने म्हणाले. "सगळ्यांना सगळं मिळतंच असं नाही."

"आबासाहेबजी, एक बार खोलकर देख तो लीजिए."

"आम्ही वाचलंय," शिल्पा म्हणाली. "आम्हाला उघडायची गरज नाही."

मग तिने ठराव मांडला. न वाचता सभासद राहणं ही मंडळाची फसवणूक आहे, सबब मुकेश साहू यांचं सभासदत्व रद्द करावं.

"मला काढू नका, दीदी," मुकेश उठून उभा राहिला. "आत्ता आत्ता तर आईजींचं अर्धं समजायला लागलं होतं."

"कुठलं अर्धं?" यमुनाबाईंनी विचारलं, आणि सगळ्यांत आधी हात त्यांनीच वर केला.

बाकीचे तीन हात पाठोपाठ आले. मुकेश दारात जाऊन चपला शोधू लागला. आतून खिचडीची परात आली.

"सचिव, ठराव लिहून घ्या," आबासाहेब म्हणाले.

शिल्पाने पिशवीतून इतिवृत्ताची नवी वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि पहिलं पान उघडलं. पानावर छापलेलं होतं: 'प्रकरण पहिलं'. त्याखाली पहिलं वाक्य: 'त्या गावात डॉक्टर कधी आलाच नाही.'

तिने टीपॉयवरचं पुस्तक हळूच ओढून घेतलं. उघडलं. निळ्या रेघा. मधे उघडलं, निळ्या रेघा. शेवटच्या पानापर्यंत निळ्या रेघा. रामकृष्णकाका वाकून बघत होते. यमुनाबाईंनी पदर डोळ्यावरून तोंडावर नेला.

दारात मुकेश एका पायात चप्पल घालून उभा होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. आबासाहेबांनी घसा साफ केला.

"लिहा. प्रति, माननीय प्रकाशक. आमच्या मंडळाने शोकप्रस्ताव आधीच संमत केला असल्याने, सदर कादंबरीत पुढील आवृत्तीपासून एक डॉक्टर दाखल करून घ्यावा व सातव्या प्रकरणात त्याचे निधन घडवून आणावे, ही नम्र विनंती."