टेकाडावरची जागा

शेवटची मेंढी वर चढली, तसं आयवरने फाटक लावलं आणि दोरीने करकचून बांधलं.

"झालं. आता मुंगीलाही जागा नाही."

शेकडो वर्षांपूर्वी नॉर्मन सरदारांनी बांधलेला लाकडी गड केव्हाच कुजून गेला होता. उरलं होतं ते मातीचं टेकाड, भोवतीचा खंदक आणि वर जायची एक चिंचोळी चढण. सेव्हर्न नदीच्या पुरात आज सगळ्या शिवारात कोरडं तेवढंच होतं.

ओल्वेनला शेजारचा तुडूर दिसला. छातीभर पाण्यातून आपला कळप हाकत तो इकडेच येत होता. कुंपणाच्या भांडणापासून त्याने आणि तिच्या नवऱ्याने, आयवरने, एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"आयवर, फाटक उघड."

"वेड लागलंय तुला? त्याच्या मेंढ्या वर आल्या की आपल्या पलीकडून खाली जातील. गाभण आहेत सगळ्या!"

"त्याच्याही आहेत."

"मग सकाळीच हलवायच्या होत्या. मी काय त्याचा मुकादम आहे?"

तुडूर फाटकाशी येऊन थांबला. ओठ निळे पडलेले, म्हातारी कुत्री खांद्यावर.

"आयवर," तो म्हणाला.

ओल्वेनची बोटं बधिर झाली होती. ओली गाठ सुटेना, तेव्हा तिने दात लावले. आयवरने तिला अडवलं नाही, गाठीला हातही लावला नाही.

मेंढ्या आत घुसल्या. एकच रेटारेटी झाली. पलीकडच्या कडेची माती ढासळायला लागली, तसा आयवर धावला आणि नदीकडे पाठ करून, हात पसरून कडेला बसला.

"जातायत गं! ओल्वेन, माझ्या जातायत!"

त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती धावत त्याच्या एका बाजूला बसली. मेंढ्यांच्या पाठींवरून वाट काढत तुडूर आला आणि दुसऱ्या बाजूला बसला, खांद्याला खांदा लावून. तिघांची भिंत. तीही पुरेना.

एक मेंढी आयवरच्या डोक्यावरून उडाली. मागे धप्प आवाज झाला. आयवरला वळता येत नव्हतं. वळला असता तर दहा गेल्या असत्या.

"कुणाची गेली?" त्याने विचारलं.

तुडूरने मान वळवली. ओल्वेननेही. गढूळ पाण्यात लोकर फुगून वर आली होती आणि तिच्यावर आयवरच्या कळपाची लाल रंगाची खूण स्वच्छ दिसत होती.

"माझी," तुडूर म्हणाला, आणि त्याने टाचा चिखलात आणखी खोल रोवल्या.