रिकामं जातं

हेडफोन कानाला लावताच गिरजाआत्याची मान डोलू लागली. भाचीच्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं आत्याच्याच आवाजात होतं: जात्यावरच्या ओव्या, आणि ठेक्याला जात्याचीच घरघर, संगणकावर धडधडती केलेली. अल्बम उद्या बाहेर पडणार होता.

मान मध्येच थांबली.

“प्रणोती, हे जातं रिकामं फिरतंय.”

प्रणोतीनं जीभ चावली. स्टुडिओत कुणालाच हे कळलं नव्हतं. दळण संपल्यावर, आवाज दणदणीत यावा म्हणून तिनंच जातं नुसतं गरगर फिरवून रेकॉर्ड केलं होतं.

“अगं, दगडावर दगड घासला की पिठात कच येते!” आत्या तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि मूठभर जोंधळे घेऊन आली. लॅपटॉप चहूबाजूंनी न्याहाळत तिनं विचारलं,

“याचं तोंड कुठंय? घास घालते.”