मुरबाडला दिलेला अंगठा

बापाने किन्हवलीची वरकस, डोंगरउताराची जमीन हिराबाईच्या नावे केली, तेव्हा भावकीसमोर तिचा अंगठा कागदावर उठवून घेतला होता. त्यानंतर पन्नास वर्षं तो अंगठा तिने कुणाला उसना दिला नव्हता.

त्या दुपारी अंगणात भात झोडणं चालू होतं. मोबाईल वाजला. सून रविनाने वाचून विचारलं, "आई, तुमी मुरबाडला कवा गेलता?"

"मी? अगो, सकाळधरनं तुझ्याच डोळ्यांपुढं हाय ना!"

"तिथल्या जमिनीच्या नोंदणी कचेरीत तुमचा अंगठा जुळला म्हणतंय. आपली जमीन दुसऱ्याच्या नावावर होतेय. तीनदा जुळला की झालं."

हिराबाई उठली आणि विळ्याला धार लावायच्या दगडावर अंगठा घासू लागली. रेषा गेल्या, कातडं गेलं, दगड लाल झाला.

मोबाईल पुन्हा वाजला.

"परत जुळला, आई."

"जुळतो काय मेला!" हिराबाईने उजवा हात उंबऱ्यावर ठेवला, डाव्या हाताने कोयता उचलला. रविना धावेपर्यंत अंगठा तुटून भाताच्या पेंढ्यात पडला होता.

"आता जुळव म्हणावं," हिराबाई हसत म्हणाली.

रविनाने रडत पदर फाडून हात बांधला. मग मोबाईल वाजला. रविनाने वाचलं आणि ती सासूपासून एक पाऊल मागे सरली.

"काय म्हणतंय गो?"

"अंगठा मुरबाडला मिळाला म्हणतंय. आता... आता दुसरा हात ठेवा म्हणतंय."

हिराबाईने खाली पाहिलं. तिचा डावा हात उंबऱ्यावर पसरलेला होता. तिने तो ठेवला नव्हता.