विहिरीचं वाक्य

तातेराव हनुवटीला डिंक लावून पांढरी दाढी चिकटवत होते, तेवढ्यात गोणपाटाचा पडदा सारून कुरुंद्याच्या मिराबाई थेट रंगपटात शिरल्या. मागे नवी सून, पदराचं टोक दातांत धरून.

“बाबा, औंदा हिला घेऊन आले,” मिराबाई म्हणाल्या. “तुमचं ते इहिरीचं वाक्य ऐकवायला. सकाळधरनं गाडीत बसून आलो आमी. आमच्या गावात पोरी पान्याला गेल्या की तेच म्हनतेत.”

“मग पुढं बसा,” तातेराव म्हणाले. “नीट ऐकू येईल.”

मिराबाईंनी भाकरीचं फडकं पेटीवर ठेवलं आणि खुशीत निघून गेल्या. तातेराव आरशाकडे वळले. सांगायचं ते सांगितलं नव्हतं, आणि वर ‘पुढं बसा’ म्हणाले होते. या जिभेला काय म्हणावं!

ते वाक्य परवाच गेलं होतं. सत्याग्रहाच्या सालापासून सरकारी कचेरीत नाटकाच्या वह्या फार बारकाईनं वाचल्या जात. विहीर खोदणाऱ्या म्हाताऱ्याचं ते एकच वाक्य, त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ आली होती. आणि ते दुसऱ्या कुणी लिहिलेलं नव्हतं. गेल्या साली खेळ रंगात आला असताना तातेरावांच्याच तोंडून ते आपसूक निघालं, आणि मागाहून वहीत चढलं. रेघेखाली सही करतानाही तातेराव ‘जी, जी’ म्हणाले होते.

कयाधू नाट्यमंडळीचा हिंगोलीतला मुक्काम आज सुरू होत होता. चार नाटकं लावायची होती. पहिला खेळ बायकांसाठी म्हणून भर दुपारी, बंद पडलेल्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडात. शेड गच्च भरलं होतं. पुढे एकच खुर्ची, तिच्यात कचेरीतले मुन्शी, आणि त्यांच्या मांडीवर ती वही.

दुसऱ्या अंकात राजा विहिरीवर आला. राजा म्हणजे मंडळीचे मालक विश्वंभरराव. त्यांनी छाती काढून दरडावलं, “ही विहीर आमच्या हुकमानं खोदली. हिचं पाणी आमचं!”

आता म्हाताऱ्यानं नुसती मान खाली घालायची होती. तातेरावांनी घातली.

बायका वाट बघत होत्या. सून पुढे सरकून बसली होती. विश्वंभरराव पुढचं वाक्य घ्यायला तोंड उघडणार, तोच मिराबाई जागच्या उठल्या.

“काहून थांबले, बाबा? इसरले व्हय?” त्या मायेनं म्हणाल्या. “म्हना की! महाराज, इहीर तुमच्या हुकमानं खोदली आसंल, पर पानी तुमच्या हुकमानं न्हाई आलं!”

टाळ्या कडाडल्या. मागच्या दोघीतिघींनी तेच पुन्हा म्हटलं. मुन्शींनी हात वर केला आणि खेळ थांबला.

“तातेराव, ये बात खेल में है क्या?”

हो म्हटलं तर परवाना गेला, उरलेली तीन नाटकं गेली, अठरा माणसं उद्या सकाळी गाड्या जुंपून वाटेला लागली. हे सगळं खरंच होतं. पण त्या घटकेला तातेरावांच्या मनात अठरा माणसं नव्हती. एकच होतं, आणि तेही दाढी लावून उभं होतं.

“न्हाई जी,” ते म्हणाले. “आमच्या नाटकात असलं वाक्य न्हाई.”

एवढ्यावर भागलं असतं. मुन्शी हात खालीही घेत होते. पण भ्यालेल्या माणसाला एवढ्यानं धीर येत नाही.

“म्हातारी बाई हाय जी,” तातेराव हसून म्हणाले. “कुठलं काय ऐकलं आसंल, डोक्यात घोळ झालाय तिच्या.”

मुन्शी हसले. मग मागून एक हसली, तिचं बघून दुसरी, आणि मघाशी टाळ्या वाजवणारं अख्खं शेड मिराबाईंना हसायला लागलं. सुनेनं मान खाली घातली. मिराबाई तातेरावांकडे बघत होत्या. मग त्यांनी मुन्शींच्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं, आणि पुन्हा तातेरावांकडे.

“व्हय, व्हय,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, मुन्शींना ऐकू जावं अशा बेतानं. “माजंच चुकलं. म्हातारपन, दुसरं काय.”

आणि पदर सारखा करून खाली बसल्या.

खेळ पुरा झाला. लोक म्हणाले, चांगला झाला. मुन्शी वही बगलेत मारून गेले, विश्वंभररावांनी तातेरावांची पाठ थोपटली, आणि ती थाप तातेरावांना थपडेसारखी लागली. ते रंगपटात येऊन बसले. भाकरीचं फडकं पेटीवर तसंच होतं. ज्या बाईनं आपल्याला सांभाळून घेतलं तिलाच आपण येडी ठरवलं, तेही तिच्या सुनेदेखत.

पडदा हलला. मिराबाई दारातच थांबल्या, आत आल्या नाहीत.

“भाकरी खाऊन घ्या बाबा, वाळून जातील,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “तुमाला तकलीफ हाय, कळलं मला. पर एक इचारते. गावातल्या पोरींना ते वाक्य म्या पाठ करून दिलंय. आता त्यांनी इचारलं तर कोनाचं म्हनून सांगू?”

तातेरावांनी रंग पुसायला ओलं फडकं तोंडावर घेतलं होतं. मिराबाई पडदा सोडून निघाल्या. मग बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला, गाडी कुरुंद्याच्या वाटेला लागली, तरी ते फडकं त्यांनी तोंडावरून काढलं नाही.