तडकलेले ठिपके

“आठांतल्या तीन मशिनी बंद आहेत, ताई,” काका दारातच म्हणाले.

“तीन?” ताईंच्या खांद्यावरची पर्स घसरता घसरता राहिली.

“तीन. आणि माझा छोटा स्क्रूड्रायव्हरही कालपासून सापडत नाहीये.”

नेमकं आजच हे व्हावं म्हणजे कमालच. काकांनी चाळीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त केल्या होत्या. निवृत्तीनंतर दर शनिवारी ते ताईंच्या प्रशिक्षण केंद्रात मशीनदुरुस्ती फुकट शिकवायला येत. शाळा अर्ध्यात सुटलेल्या, घरी धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या सात मुली त्यांच्या हाताखाली तयार झाल्या होत्या. ठरलं होतं ते एवढंच: ज्या शनिवारी आठही मशिनी सुरळीत चालतील, त्या शनिवारी काका सात शिफारसपत्रांवर सही करणार, मुली कारखान्यात दुरुस्तीच्या कामाला लागणार आणि वर्ग संपणार. काल दुपारी काका मुद्दाम येऊन तपासून गेले, तेव्हा आठही मशिनी झकास चालत होत्या.

वर्ग संपण्याचा विषय मात्र कुणी काढत नसे. काकू गेल्यापासून काकांना घरी बोलायला भिंतीच होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून होते.

काका पहिल्या बंद मशीनपाशी वाकले. त्यांची एक जुनी सवय होती. स्क्रू आवळला की काकूंच्या लाल नेलपेंटचा एक ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर, अर्धा मशीनवर. ठिपका तडकलेला दिसला की समजायचं, स्क्रू कुणीतरी फिरवलाय.

“तडकलाय,” ते म्हणाले. दुसरीपाशी ते फारसे वाकलेच नाहीत. “हाही.” तिसरीपाशी मात्र चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिले. “आणि हासुद्धा.”

“कुणाचे उद्योग हे?” ताईंनी आवाज चढवला. “नोकरी हाताशी आलीये आणि तुम्हाला खेळ सुचतायत?”

मुली माना खाली घालून उभ्या राहिल्या. शेवटी चिमणी पुढे आली. दिवसभर तोंड मिटत नाही म्हणून तिचं नाव चिमणी; आज मात्र शब्द फुटायला वेळ लागला.

“आम्ही केलं, ताई. सगळ्यांनी मिळून. पण एकच, ती कडेची.”

“का पण?”

“काकांनी सही केली की ते यायचे नाहीत.” तिचे डोळे भरून आले. “नोकरी आठवडाभर थांबेल हो. काकांना कोण थांबवणार?”

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाचच खूप वेळ पुसला.

“मधली माझी,” ते म्हणाले. “सकाळी लवकर येऊन सैल करून ठेवली. म्हातारपणी हे धंदे. पण काय करू, घरी जावंसं वाटेना.”

एकीला हसू फुटलं आणि बघता बघता साती जणी पोट धरून हसायला लागल्या. ताईंनाही आवरेना.

“पुढच्या शनिवारी नव्या सात जणी येतायत, काका,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “तुम्हाला विचारायला पंधरा दिवस जीभच रेटत नव्हती. मुलगा त्याच्याकडे राहायला बोलावतोय म्हणाला होतात ना?”

“तो वर्षभर बोलावतोय. तुम्ही एकदा विचारायचं तरी होतंत.”

तिन्ही मशिनी मुलींनी दहा मिनिटांत चालू केल्या. काकांनी स्क्रूला हातही लावला नाही, फक्त ठिपके दिले. मग त्यांनी सातही पत्रांवर सह्या केल्या. चिमणीने आपलं पत्र दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी ते दोन्ही वेळा आनंदाने ऐकलं.

निघताना ती दारात थबकली.

“काका, एक आमची, एक तुमची. मग तिसरी कुणी बिघडवली?”

“उंदीर असेल,” ताई घाईघाईने म्हणाल्या आणि कुलूप लावायला त्यांनी पर्समध्ये हात घातला. किल्ल्यांच्या आधी बाहेर आला तो काकांचा छोटा स्क्रूड्रायव्हर.