अकरा प्रसूतिगृहं

"या ओळीखाली माझी सही होणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

टेबलापलीकडचे साहेब हसले. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि सुटाला कधी सुरकुती पडत नसे. खोलीत शिरले की सुवास दरवळायचा, म्हणून बाईंच्या माणसांनी त्यांचं नाव 'गुलाबपाणी' ठेवलं होतं.

"आठवडाभर आपण हे दळण दळतोय, बाई. आता एका ओळीवरून ताणायचं?"

"ओळ एक आहे. प्रसूतिगृहं अकरा आहेत."

कर्जाचा करार तसा ठरल्यात जमा होता. कर्ज हवं तर सरकारी खर्च कमी व्हायला हवा, यावर दुमत नव्हतं. कात्री कुठे लावायची, एवढंच उरलं होतं. गुलाबपाणींनी त्याचं उत्तर तयारच आणलं होतं. लहान गावांतली अकरा सरकारी प्रसूतिगृहं बंद.

"खाणींची करमाफी काढा. तेवढ्यात भागतं," बाई म्हणाल्या.

"त्या विषयाला हात लावायचा नाही."

"का बरं?"

"खाणवाले उठून दुसरीकडे जातील."

"खाण डोक्यावर घेऊन?"

बाईंच्या शेजारी बसलेले पंतोजी एकदम खोकले. हसू दाबायची त्यांची ती जुनी युक्ती होती. गुलाबपाणींच्या मागे बसलेले सुटातले तिघे मात्र कागदांत बघत राहिले.

"या लोकांना सगळं फुकट लागतं," गुलाबपाणी म्हणाले. "बाळंतपणं काय, पूर्वी घरोघरीच व्हायची."

"तुमच्या मुलांची झाली का घरी?"

गुलाबपाणींनी घंटी वाजवली. मग चहा मागवला गेला.

बाहेरच्या व्हरांड्यात पंतोजींनी बाईंना गाठलं. ते वयानं मोठे, निवृत्तीला आलेले, आणि बाईंवर त्यांची खरोखरची माया होती.

"करा सही आणि व्हा मोकळ्या. नोकरी आहे ही. देश वाचवायला नेमलेलं नाही आपल्याला. खर्च कमी झाल्याशी मतलब. कुणाचा झाला, ते कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना."

"तुमच्या एकटीच्या विचारण्यानं काय होणार? हत्तीपुढे मुंगी."

"मुंगी सोंडेत शिरली की हत्तीला कळतं, पंतोजी."

पंतोजींनी कपाळाला हात लावला.

आदल्या दिवशी बाई कुणाला न सांगता त्या अकरांपैकी एका प्रसूतिगृहात जाऊन आल्या होत्या. एकेका खाटेवर दोघी, एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी. बाह्या वर सारलेली एक धिप्पाड परिचारिका नवजात पोराला पुसत होती. पोर असं कडाडून रडत होतं, जणू त्याला सगळा करार वाचून दाखवला होता.

"बंद करणार म्हणतात. खरं का?" तिनं मान वर न करता विचारलं होतं.

"माझ्या सहीशिवाय नाही."

"सह्या करणारे इथवर येत नाहीत. तुम्ही आलात, पाय चिखलात घातलेत. आता बघा काय ते."

बाईंना तिथे उभं राहवेना. त्यांच्या गावचं प्रसूतिगृह असंच एका कर्जापायी बंद झालं होतं. थोरल्या बहिणीला ट्रकच्या हौद्यात घालून शहराकडे नेलं. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ट्रक शहरात पोचला, ताई पोचली नाही.

चहा संपायच्या आत फोन आला. बाईंचे वरिष्ठ होते.

"तिकडून तक्रार आलीय. करार अडवून धरलायस म्हणे. सही कर आणि विषय संपव."

"नाही करणार."

"मग उद्यापासून दुसरं कुणीतरी बसेल त्या खुर्चीत."

"बसू दे. पण आज मी बसलेय."

बाई आत आल्या. गुलाबपाणींचा चेहरा खुललेला होता. फोन कुणाचा ते त्यांना ठाऊक असावं.

"मग? झालं ना समाधान?"

"झालं," बाई म्हणाल्या.

त्यांनी कराराचं शेवटचं पान पुढे ओढलं. टोपण काढलं. अकरा प्रसूतिगृहांच्या ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं, 'मान्य नाही. खाणींची करमाफी आधी काढावी', आणि त्याखाली पूर्ण सही ठोकली.

सुटातल्या तिघांपैकी एक ताडकन उठला. "हे काय केलंत तुम्ही! आता हा कागद थेट वरच्या मंडळापुढे जाणार. महिनोन् महिने चर्चा होणार."

"तेच हवंय मला. तोवर अकराही ठिकाणी दिवे चालू राहतील. आणि खाणींची माफी कुणाला मिळते, तेही मंडळ विचारेल."

पंतोजी या वेळी खोकले नाहीत. उघड हसले. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि बाईंच्या सहीखाली आपलीही सही केली.

"निवृत्तीला आलोच आहे," ते म्हणाले. "काय उपटतील?"

गुलाबपाणी सावकाश उठले. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी दिसत होती. त्यांनी स्वतः जाऊन दार उघडलं, आणि आवाज न चढवता म्हणाले, "तुमचं विमान सहाला आहे, बाई. कर्ज देणाऱ्यांनी कर्ज देऊन निघून जावं. या देशाचा अर्थमंत्री मी आहे, आणि आमच्या बायकांनी बाळंत कुठे व्हायचं, हे परदेशी पाहुण्यांनी आम्हाला सांगू नये."